चातुर्मासात ठरावीक पोथ्यांचीच मागणी : लहान आध्यात्मिक ग्रंथालयाने नवी खरेदी कशी करावी?

नीराकाठ

नमस्कार. आमच्या गावातील विठ्ठल मंदिराच्या ओवरीत एक लहान आध्यात्मिक ग्रंथालय आहे आणि गेली नऊ वर्षे तेथील देवघेव मी पाहतो. दाखल नोंदवहीत सुमारे २,४०० ग्रंथ आहेत; त्यांपैकी खरोखर फिरणारे सहाशेच्या आसपास असावेत. ग्रंथालय संध्याकाळी पाच ते साडेसात उघडे असते, वार्षिक वर्गणी शंभर रुपये आहे आणि ग्रंथखरेदीसाठी देवस्थानाकडून वर्षाला पंधरा हजार रुपये मिळतात. शासकीय अनुदान आम्हांला नाही.

आमच्याकडील वाचन वर्षभर सारखे नसते, ते तिथींवर चालते. ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून लोणंदकडे गेली की दुसऱ्याच दिवसापासून चातुर्मासाच्या वाचनाची विचारणा सुरू होते, आणि आषाढी एकादशी येईपर्यंत हरिविजय, भक्तिविजय, ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवत यांची एकही प्रत कपाटात उरत नाही. श्रावण लागला की शिवलीलामृत आणि नवनाथ भक्तिसार, मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्र, माघात दासनवमीपूर्वी दासबोध, असा क्रम चालतो. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आला, तेव्हा अधिकमास माहात्म्याच्या एकुलत्या एक प्रतीसाठी अकरा जणांनी नावे लिहून ठेवली होती. आता पुढचा अधिक महिना येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे, ती प्रत जागची हलणार नाही.

कार्यकारी मंडळाचे म्हणणे असे, की ज्या ग्रंथाच्या तीन प्रती आहेत त्याची चौथी प्रत घेणे म्हणजे पैसे अडकवून ठेवणे, आणि ग्रंथालय वाढवायचे तर दरवर्षी नवी शीर्षके आली पाहिजेत. त्यांचे म्हणणे मी टाकून देत नाही, कारण उपनिषदांवरील सोपे विवेचन किंवा संतवाङ्मयाचा अभ्यास मागणारे तरुण वाचकही थोडे का होईना, येतात. परंतु गेल्या वर्षी घेतलेल्या चाळीस नव्या पुस्तकांपैकी सतरा पुस्तके आजवर एकदाही बाहेर गेलेली नाहीत. याउलट, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी भक्तिविजयासाठी आषाढात तीन वेळा येऊन रिकाम्या हाताने परत गेल्या. चौथ्या वेळी मी माझ्या घरची पोथी आणून दिली. त्यांनी ती उघडली, डोळ्यांजवळ नेली, खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि टाइप बारीक आहे म्हणून मिटून, कपाळाला लावून, माझ्या हातात परत दिली. ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आणखी एक विचारायचे आहे. गावातील एका दिवंगत वाचकाच्या कुटुंबीयांनी ६१ ग्रंथ भेट दिले. त्यांतील बरेचसे आमच्याकडे आधीपासून आहेत. मात्र एकनाथी भागवताच्या एका प्रतीत शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने प्रत्येक पारायणाची समाप्ती नोंदलेली आहे. पहिली नोंद शके १८९७ च्या कार्तिकातील आहे आणि तिच्या खाली एकापाठोपाठ एक सत्तावीस नोंदी आहेत. ही प्रत देवघेवीत ठेवावी का?

अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दाखलनोंद

नीराकाठ यांस सप्रेम नमस्कार. मी एका तालुका ग्रंथालयात एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या मंडळाने ‘नवी खरेदी’ आणि ‘नवे शीर्षक’ हे शब्द एकाच अर्थाने धरले आहेत, आणि माझ्या मते अडचण तेथूनच सुरू होते. ज्या आजींनी पोथी मिटून परत दिली त्यांच्यासाठी मोठ्या टाइपातील भक्तिविजय हे त्या वर्षातील सर्वांत नवे पुस्तक ठरले असते. म्हणून मंडळापुढे जाताना चौथी प्रत मागू नका, मोठ्या टाइपाची प्रत मागा. ती घेतली की बारीक टाइपाच्या तीन प्रती डोळे चांगले असलेल्यांसाठी मोकळ्या होतात.

दुसरी गोष्ट मुदतीची. आपण पंधरा दिवसांची मुदत देत असाल, तर चातुर्मासाच्या वाचनाला ती जुळत नाही, आणि वाचक नाइलाजाने प्रत अडवून ठेवतो. यंदाचा चातुर्मास धरला तर आषाढी ते कार्तिकी एकादशी साधारण ११८ दिवस होतात. भक्तिविजयाचे अध्याय ५७ आहेत, म्हणजे दोन दिवसांना एक अध्याय धरला की ११४ दिवस. हरिविजयाचे ३६, तीन दिवसांना एक धरला की १०८. एकनाथी भागवताचे ३१ अध्याय, पण ते दीर्घ आहेत, म्हणून चार दिवसांना एक धरावा आणि दोन-तीन लहान अध्याय लवकर उरकावेत. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या वर आहेत. रोज पंचाहत्तर ते ऐंशी वाचल्या तर कार्तिकीला समाप्ती होते. मी प्रत्येक पोथीच्या आतल्या बाजूस असा वाचनक्रम लिहिलेली चिठ्ठी चिकटवीत असे. तिचा उपयोग असा झाला, की कोणाची प्रत कधी मोकळी होणार हे मला आधी कळू लागले आणि ज्यांना केवळ सप्ताहासाठी ग्रंथ हवा त्यांना मी तारीख सांगू लागलो.

चातुर्मासाबाहेर वाचल्या जाणाऱ्या ग्रंथांनाही हे लागू पडते. दत्तजयंती ते दासनवमी हे अंतर ६८ दिवसांच्या आसपास येते आणि दासबोधाचे समास आहेत २००. रोज तीन समास वाचले की सदुसष्टाव्या दिवशी ग्रंथ संपतो. आमच्या एका वाचकाने हा हिशेब प्रथम मला दाखवला आणि त्यानंतर दासबोधाच्या दोन प्रती दरवर्षी मार्गशीर्षातच जाऊ लागल्या. गुरुचरित्राचे तसे नाही. तेथे सप्ताह असतो, सात दिवसांत ग्रंथ परत येतो, त्यामुळे तिथीच्या आधीच्या तीन आठवड्यांत एक प्रत तीन घरी जाऊ शकते. तेव्हा प्रती किती घ्याव्यात हे मागणीच्या आकड्यावर ठरवू नका, एक प्रत त्या हंगामात किती हातांत जाऊ शकते यावर ठरवा. अधिकमास माहात्म्याची दुसरी प्रत मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या महिन्यात ओवरीत रोज एक अध्याय मोठ्याने वाचावा म्हणजे अकरा जणांची सोय एकाच प्रतीत होईल.

खरेदीबाबत एक सूचना. शासनाने प्रसिद्ध केलेले संतवाङ्मय शासकीय ग्रंथागारात अल्प किमतीत मिळते. तुकोबांची जी गाथा ‘शासकीय गाथा’ म्हणून ओळखली जाते, तिचा पाया १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्याने छापलेली शंकर पांडुरंग पंडित यांची संपादित प्रत हा आहे. पाठांची चिकित्सा करणाऱ्या वाचकाला ती लागतेच. तुकाराम बीजेच्या आधी ती आपल्या कपाटात असावी.

भेटीच्या ६१ ग्रंथांपैकी ज्यांच्या प्रती आपल्याकडे चांगल्या अवस्थेत आहेत ते दाखल करू नयेत. देणगीदारांची लेखी संमती घेऊन जवळच्या शाळेला किंवा दुसऱ्या मंदिराला द्यावेत. एकदा दाखल क्रमांक पडला की पुढे निर्लेखनाचा, म्हणजे ग्रंथ नोंदवहीतून कमी करण्याचा, ठराव, यादी आणि मंजुरी हे सारे करावे लागते. पेन्सिलीच्या नोंदींची एकनाथी भागवताची प्रत मात्र कृपया देवघेवीत ठेवू नका. ती संदर्भात ठेवा, ओवरीत बसून कोणालाही पाहू द्या. पेन्सिलीचे अक्षर हातांच्या घर्षणाने पुसट होते, म्हणून त्या पानाचे छायाचित्र आजच काढून ठेवा.

शाईदौत

दाखलनोंद यांच्या अनुभवाबद्दल मनात आदर ठेवून थोडे वेगळे मांडते.

मूळ पोथी ज्यांना पारायणासाठी हवी असते, त्यांच्या घरी ती बहुधा असतेच. सोवळ्यात वाचायची, रुमालात बांधून देव्हाऱ्याजवळ ठेवायची पोथी सहसा दुसऱ्याच्या घरून आणली जात नाही. ग्रंथालयाकडे माणूस येतो तो अर्थ कळावा म्हणून. तेराव्या शतकातील ज्ञानेश्वरी आजच्या वाचकाने नुसत्या ओव्यांतून समजून घेणे कठीण आहे. पाच-पन्नास ओव्यांनंतर तो थांबतो आणि आपली बुद्धी कमी पडली असे मानून ग्रंथ बाजूला ठेवतो. माझ्या आईचे नेमके असेच झाले होते. मामासाहेब दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी तिच्या हाती आली तेव्हा ती साठीची होती, आणि सहाव्या अध्यायापाशी आल्यावर तिने मला हाक मारून, बोट ओवीखाली ठेवून, अर्थ वाचून दाखवला होता. म्हणून पंधरा हजारांतील मोठा वाटा सार्थ प्रतींसाठी ठेवावा, असे मला वाटते.

तरुण वाचकांसाठीही हंगामाचा धागा पकडता येईल. विनोबांची गीता प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे सलग अठरा रविवार, दर रविवारी एक अध्याय, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. चातुर्मासात सतरा रविवार येतात. पहिले प्रवचन एकादशीच्या दिवशी आणि उरलेली सतरा दर रविवारी, अशी रचना केली तर जो तरुण रोज पोथी वाचणार नाही तोही आठवड्याला एक तास देईल. त्या पुस्तकाच्या पाच प्रती घेतल्या तरी फार खर्च येत नाही आणि नवे शीर्षक हवे म्हणणाऱ्या मंडळालाही त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. गुरुचरित्र स्त्रियांनी वाचू नये असा समज काही घरांत अजून आहे. कोणाच्या घरी काय पाळावे हा त्या घराचा प्रश्न, परंतु ग्रंथालयाच्या टेबलावर मागणाऱ्या बाईला ‘घरी विचारून या’ असे सांगितले जाऊ नये. मला एकदा तसे सांगण्यात आले होते. त्यानंतर त्या ग्रंथालयाची पायरी मी पुन्हा चढले नाही.

वर्षावास

जय भीम. आमचे ग्रंथालय विहाराचे आहे, परंतु प्रश्न पुष्कळ अंशी सारखाच असल्याने लिहीत आहे.

आमच्याकडे आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन रोज संध्याकाळी होते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली मूळ इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला; त्याचे आठ खंड तीन महिन्यांत वाचून पूर्ण होतात. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि शेवटी दहा-पंधरा मिनिटे चर्चा होते. प्रती कमी असल्यामुळे आम्ही सामूहिक वाचन सुरू केले असे नाही, ती रीतच आहे. पण तिचा एक परिणाम मला ग्रंथालयात दिसला. सामूहिक वाचनात जो भाग ऐकला तो घरी पुन्हा वाचावासा वाटतो, म्हणून लोक दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक मागतात. म्हणजे मोठ्याने वाचल्याने प्रतींची मागणी घटत नाही, वाढते. दाखलनोंद यांनी अधिक महिन्यासाठी जो उपाय सुचवला आहे, तो करताना हे ध्यानात असू द्यावे.

अक्षर न येणाऱ्या किंवा दृष्टी गेलेल्या माणसांना वर्षातून एकदा ग्रंथालयाचे सभासद होता येते ते या तीन महिन्यांतच. त्यांच्या नावाची नोंद आम्ही वाचकांच्या यादीत करतो, श्रोते म्हणून वेगळी करत नाही.

खरेदी आम्ही दोनदाच करतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात पुस्तकांची एवढी दुकाने लागतात, की वर्षभर दुकाने हिंडून जे मिळत नाही ते तेथे एका दिवसात हाती येते. पुस्तक उघडून, टाइप पाहून, बांधणी ओढून पाहून घेता येते. आपल्याकडेही आळंदी आणि पंढरपूर येथे यात्रेच्या काळात पोथ्यांची दुकाने भरलेली असतात. मागणीपत्र पाठवून घेण्यापेक्षा तेथे दोन माणसे पाठवावीत आणि त्यांच्यात एक वयस्कर वाचक असावा. मोठा टाइप म्हणजे किती मोठा, हे त्यांच्याशिवाय कोण ठरवणार?

सागरकाठ

आतापर्यंत कोणी न मांडलेली बाजू मांडतो, कारण मी कोकणात राहतो आणि पावसाने पुस्तकांचे काय होते ते दरवर्षी पाहतो. ज्या चार महिन्यांत पोथ्या सर्वांत जास्त फिरतात, त्याच चार महिन्यांत हवा सर्वांत दमट असते. आषाढात घेतलेला नवा कोरा ग्रंथ प्लास्टिकच्या आवरणासह कपाटात ठेवला तर भाद्रपदापर्यंत पुठ्ठ्यावर बुरशीचे ठिपके दिसू लागतात, कारण आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही. म्हणून खरेदी शक्यतो वैशाखात उरकावी, आवरण काढावे, पुस्तके आठ-दहा दिवस मोकळ्या हवेत उभी ठेवावीत आणि मगच दाखल करावीत. कपाट भिंतीला टेकवू नये, मागे चार बोटे जागा सोडावी.

भेटीच्या ग्रंथांबद्दल मी विशेष सावध असतो. आलेला गठ्ठा थेट कपाटात कधीही ठेवू नये. आमच्याकडे एका घरातून आलेल्या पोथ्यांबरोबर कसर आली आणि दुसऱ्या वर्षी शेजारच्या खणातील अकरा ग्रंथांच्या कडा चाळणीसारख्या झाल्या. आता प्रत्येक गठ्ठा महिनाभर वेगळ्या पेटीत राहतो. प्रत्येक पान उलटून पाहावे लागते, कारण पोथीत काय काय निघते ते सांगता सोय नाही. अक्षता, वाळलेली तुळस, बुक्का, निरांजनाच्या तुपाचे थेंब. तुळशीचे पान श्रद्धेने ठेवलेले असते हे मला मान्य आहे, म्हणून मी ते फेकत नाही, वृंदावनात ठेवतो. पण तुपाचा डाग आणि तांदळाचा दाणा किड्यांना बोलावतो हे वाचकाला पोथी देतानाच हात जोडून सांगितले पाहिजे. पोथीबरोबर एक जाड कागदाची खूण दिली तर लोक पानात फूल ठेवत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

जैन समाजात कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, ग्रंथभांडारे उघडून पुस्तके झाडली-पुसली जातात आणि त्यांची पूजा होते. पाऊस सरल्यावर लगेच येणारा हा दिवस मला फार योग्य वाटतो. आमच्या ग्रंथालयाने तो उचलला आहे. त्या दिवशी देवघेव बंद ठेवून आम्ही सर्व कपाटे रिकामी करतो आणि पुस्तके सावलीत वाऱ्यावर मांडतो. कडक उन्हात मांडू नयेत, पाने पिवळी पडून ठिसूळ होतात.

नीराकाठ

सर्वांचा मनापासून आभारी आहे. हे सर्व प्रतिसाद छापून मी काल मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले.

भक्तिविजय आणि हरिविजय यांची मोठ्या टाइपातील प्रत्येकी एक प्रत आणि सार्थ ज्ञानेश्वरीच्या दोन प्रती घ्याव्यात, असे ठरले. शाईदौत यांचे म्हणणे मला बव्हंशी पटले, तरी आमच्याकडील एक फरक सांगतो. मी नोंदवही काढून मागील तीन चातुर्मासांतील नावे पाहिली आणि शक्य तेवढ्यांना विचारले. चौतीसपैकी एकोणीस जणांच्या घरी पोथी आहे, पण ती आजी-आजोबांच्या काळची, पाने सुटलेली किंवा बारीक टाइपाची आहे, आणि म्हणून ते आमच्याकडे येतात. त्यामुळे मूळ पोथी आणि सार्थ प्रत या दोहोंची गरज आहे. गीता प्रवचनांच्या चार प्रती मंडळाने एका शब्दात मान्य केल्या. पहिले प्रवचन एकादशीला संध्याकाळी सहा वाजता ओवरीत वाचले जाईल. गुरुचरित्र मागणाऱ्या कोणालाही, स्त्री असो वा पुरुष, काहीही न विचारता दिले जाईल, हे मी ठरावात लिहून घेतले आहे.

चातुर्मासाच्या ग्रंथांची मुदत कार्तिकीपर्यंत वाढवली आहे, आणि वाचनक्रमाच्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम दहावीतील दोन मुलींनी घेतले आहे. त्यांनी एकनाथी भागवताची चिठ्ठी लिहिताना विचारले, की कार्तिकी एकादशीनंतर चार-पाच दिवस जास्त गेले तर चालेल का. मी चालेल म्हणालो, कारण नाथांनी तो ग्रंथ वाराणसीत पूर्ण केला तोही कार्तिक पौर्णिमेलाच. त्यांनी चिठ्ठीवर समाप्तीची तिथी म्हणून पौर्णिमाच लिहिली.

पेन्सिलीच्या नोंदींची प्रत संदर्भात ठेवली असून त्या पानाचे छायाचित्र कुटुंबीयांनाही पाठवले. शेवटची नोंद थरथरत्या अक्षरात आहे आणि तिच्यापुढे अध्यायाचा आकडा आहे, समाप्ती नाही. चोविसाव्या अध्यायावर वाचन थांबलेले आहे. त्यांच्या मुलाने यंदा तेथून पुढे वाचायला बसू द्याल का, असे विचारले आहे. ती प्रत बाहेर जाणार नाही, म्हणून ते रोज पाच वाजता ओवरीत येणार आहेत.

मोठ्या टाइपाचा भक्तिविजय आळंदीत मला हवा तसा मिळाला नाही. पुढच्या आठवड्यात त्या आजींना बरोबर घेऊन पंढरपूरला जात आहे. तेथील कोणत्या दुकानात सुट्या पानांच्या पोथीऐवजी बांधीव प्रत मिळेल, हे कोणाला ठाऊक असल्यास कळवावे.